लीव्ह म्हणजे रजा

८ जानेवारी, सोमवार

कारखान्याचं गेट बंद होऊन आज पाच महिने झाले. अजूनही सकाळी साडेसहाला हात डब्याकडे जातो.

चोवीस वर्षं टाइम ऑफिसात काढली. हजेरी, रजा, पाळ्या, कोणाच्या घरी लग्न, कोणाचं फोरमनशी भांडण. मुलगी मृणाल, इथे हिंदीतच वाढलेली, म्हणते, "बाबा, इसीको तो एचआर कहते हैं. तुम्ही तेच करत होते ना? फक्त नाव इंग्लिश आहे." फक्त नाव इंग्लिश असतं तर काय पाहिजे होतं.

राइट टाउनमधल्या एका खासगी हॉस्पिटलची जाहिरात तिने मोबाइलवर दाखवली. एचआर एक्झिक्युटिव्ह. स्टाफ तीनशेच्या वर, वॉर्डबॉय, आया, नर्सेस, गार्ड. एकेक ओळ वाचत गेलो आणि प्रत्येक ओळीला मनात म्हणालो, हे येतं, हेही येतं. शेवटची ओळ, फ्लुएंट इंग्लिश. शब्दकोश काढला. फ्लुएंट : अस्खलित, वाहता. माझं इंग्रजी वाहतं, पण पाटनच्या रस्त्यावरच्या नाल्यासारखं. वर्षातून चार दिवस.

११ जाने., गुरुवार

तीन दिवस अर्ज लिहायला बसलो. 'डिअर सर' झालं. पुढे नाही.

सौ. वाटाणे सोलता सोलता, "काहून त्रास देऊन राहिले जीवाला? पोरगी आहे ना घरात, लिहून देईल."

मृ.ने वीस मिनिटांत लिहिला. सुंदर लिहिला. माझाच अर्ज मला शब्दकोश घेऊन वाचावा लागला. त्यात एक माणूस आहे, त्याला माणसांची 'पॅशन' आहे, तो 'डायनॅमिक' आहे. मी म्हणालो, हा मी नव्हे. मृ. म्हणाली, "बाबा, सब ऐसेच लिखते हैं." पाठवला. पाठवताना दत्ताच्या फोटोकडे पाहणं टाळलं, हे खरं.

१५ जाने., सोमवार. संक्रांत

ग्वारीघाटावर नर्मदास्नान. गर्दी फार, पाणी थंडगार. काही मागायचं नाही असं ठरवून गेलो होतो. तिसऱ्या डुबकीला मागितलं.

घरी येऊन तिळगूळ तोंडात टाकतो तर फोन. एक मुलगी भराभर इंग्रजीत बोलली. मी यस यस म्हणत राहिलो. ठेवल्यावर कळेना काय ठरलं. मृ.ने परत फोन करून विचारलं. मुलाखत, गुरुवार, अकरा वाजता. सौ.ने देवापुढे साखर ठेवली. मला मात्र आपल्याच फोनचा अर्थ मुलीला विचारावा लागल्याची लाज वाटत राहिली.

१८ जाने., गुरुवार

झाली मुलाखत. लिहून टाकतो.

दोघं होते. एचआरच्या मॅडम, वय तीस-बत्तीस असेल, आणि एक टकलू साहेब. 'टेल मी अबाउट युवरसेल्फ' पाठ केलं होतं, म्हटलं. एकदाच अडखळलो. मग मॅडमने विचारलं त्यातलं मला एकच कळलं. लीव्ह. जीव भांड्यात पडला. रजेचं मला विचारा! म्हणालो, "लीव्ह व्हेरी लेस, मॅडम. ओन्ली मदर एक्स्पायर्ड, नाइन डेज." त्यांनी परत हळू विचारलं. मला वाटलं, विश्वास बसत नाहीये. म्हणालो, "लास्ट इयर ऑल्सो नो लीव्ह."

साहेबांनी पाण्याचा ग्लास तोंडाला लावला आणि बराच वेळ लावून ठेवला. मॅडम म्हणाल्या, "ठीक है, छोड़िए."

मग त्यांनी माझा अर्ज उचलला. हिंदीत विचारलं, "ये आपने ख़ुद लिखा है?"

मी यस म्हणालो.

तेवढंच एक उत्तर न अडखळता दिलं.

१९ जाने., शुक्रवार

सकाळी चहाला मृ.ला सगळं सांगत होतो. रजेचं जरा ऐटीतच सांगितलं. तिने कप खाली ठेवला. म्हणाली, "बाबा, त्यांनी नेमकं काय म्हटलं? व्हाय डिड यू लीव्ह?"

"हो, तेच."

"त्याचा मतलब, तुम्ही नोकरी काहून सोडली?"

बाहेर भाजीवाल्याचा भोंगा चालू होता. सौ. उगाच उठून आत गेली.

टाइम ऑफिसात लीव्ह म्हणजे रजा. सी.एल., ई.एल., मेडिकल. चोवीस वर्षांत या शब्दाचा दुसरा अर्थ माझ्या टेबलावर आला नाही. आमच्याकडे सोडणाऱ्याला लीव्ह म्हणत नसत, 'नाम कट गया' म्हणत. आणि मॅडम हिंदीत "छोड़िए" म्हणाल्या, तेव्हा तर अर्थ माझ्या पुढ्यात आणून ठेवला होता. मला वाटलं, सोडून द्या म्हणतात. मी दिलं सोडून.

हसू येत नाही. मृ.ला येत होतं, तिने दाबलं, ते जास्त लागलं.

२३ जाने., मंगळवार

फोन नाही.

संध्याकाळी मृ. मला इंग्रजी शिकवते. ती 'व्ही' अक्षराच्या वेळी ओठ दाखवते, मी पन्नाशीचा माणूस तिच्या तोंडाकडे पाहत बसतो. आज चिडलो. "हे सगळं तुला फुकट मिळालं, म्हणून हसू येते." मग मराठीत, तिच्या मोडक्या मराठीत म्हणाली, "बाबा, तुमची मराठी मला पण पूरी नाही येत. मी बोलते तेव्हा आत्या हसतात ना. मी सोडली का?"

सौंसरकडच्या आमच्या गावच्या शाळेत इंग्रजी सहावीत सुरू झालं. गुरुजी धडा मराठीत सांगायचे आणि इंग्रजी फळ्यावर लिहून ठेवायचे. आम्ही उतरवायचो. अक्षर माझं आजही चांगलं आहे. पण त्या भाषेत कोणी मला कधी काही विचारलंच नाही. पहिल्यांदा विचारलं ते मुलाखतीत.

२५ जाने., गुरुवार

जपाला बसलो की माळ ठीक चालते आणि मधेच एका मण्यावर ते 'यस' येतं. लीव्हची चूक अडाण्याची होती, तिचं काही नाही. यस मात्र चूक नव्हती.

२७ जाने., शनिवार

सिहोऱ्याहून रामसेवक आला. आमच्या कारखान्यात वेल्डर होता, आता बायपासवरच्या गोदामात लोडिंगला आहे. पिशवीभर वाटाणे आणले. सौ.ला म्हणाला, "भाभीजी, अपने खेत का है, कीड़ा निकले तो बड़े बाबू को खिला देना." बड़े बाबू म्हणजे मी. अजून तसंच म्हणतो.

मग खिशातून चौघडी कागद. बायकोला पोटात दुखून ॲडमिट केलं, सहा दिवस हा गेला नाही, फोन बंद. गोदामवाल्यांनी इंग्रजीत पत्र दिलं. गावात मास्तरकडून वाचून घेतलं. "फरार लिखा है, बड़े बाबू. जैसे मैं कुछ लेके भागा हूँ." डोळ्यांत पाणी होतं त्याच्या. पत्रातला शब्द ॲबस्काँडिंग. मृ. म्हणाली, आजकाल सगळीकडे हाच शब्द चालतो, त्यात चोरी वगैरे नसते.

नसेल. मी चोवीस वर्षांत कोणाच्या नावापुढे हे लिहिलं नाही. 'बिना सूचना अनुपस्थित' लिहायचो. आणि तेही तिसऱ्या दिवशी. त्याआधी त्याच्याच मोहल्ल्यातल्या कोणाला सांगायचो, जाताना याच्या घरी डोकाव. दहांतल्या आठांच्या घरी काहीतरी झालेलं असायचं.

२९ जाने., सोमवार

रामसेवकसोबत गोदामात गेलो. मॅनेजर तिशीतला पोरगा, चेहऱ्यावर झोप नाही. आधी तो इंग्रजीत सुरू झाला. मी म्हटलं, भैया, हिंदी में बात करें, दोनों का टाइम बचेगा. हसला. त्याच्या बायकोचे हॉस्पिटलचे कागद दाखवले, रामसेवकच्या वतीने हिंदीत अर्ज लिहून दिला. मॅनेजरला हळूच विचारलं, तुमच्याकडे माणूस आला नाही तर घरी कोण जातं? कोणीच नाही म्हणाला. अर्धा तास बोललो. त्याच्या अडचणी मलाच सांगत बसला.

रामसेवक उद्यापासून ड्यूटीवर.

निघताना मॅनेजरने विचारलं, "सर, आप कौन सी कंपनी में एचआर हैं?"

रामसेवक पटकन म्हणाला, "बड़े बाबू अभी लीव्ह पर हैं."

मी स्कूटर काढली. स्कूटरवर मागे बसून तो सिव्हिल लाइन्सपर्यंत हसत होता. मलाही शेवटी आलं.

२ फेब्रु., शुक्रवार

हॉस्पिटलला फोन केला. वाक्य कागदावर लिहून, समोर धरून. तिकडून "वी विल लेट यू नो." हे समजलं. म्हणजे कळवू. म्हणजे कळवणार नाहीत.

राग येतो. कोणाचा ते ठरत नाही. मॅडमचा नाही. तीनशे लोकांत इंग्रजी बोलणारे डॉक्टर असतील पन्नास. बाकीच्या अडीचशेंशी बोलायला कोण पाहिजे, हे जाहिरात लिहिणाऱ्याने एकदा मोजावं.

पण हे मी तिथे म्हणालो नाही. तिथे मी यस म्हणालो.

५ फेब्रु., सोमवार

ठरवलं. मॅडमना मेल लिहायची. स्वतः. इंग्रजीत. मृ.ने टाइपसुद्धा करायचं नाही.

सौ. म्हणाली, "एवढ्यात दुसरीकडे चार अर्ज झाले असते." बरोबर आहे तिचं. "आणि यस म्हणालात ते सांगायची काय गरज? त्यांना कुठे माहीत आहे?"

माहीत आहे, सुमन. त्यांनी ते माहीत असल्यामुळेच विचारलं.

९ फेब्रु., शुक्रवार

पाच दिवसांत सोळा वाक्यं. इथे उतरवून ठेवतो, आपल्या अक्षरात, त्यातली महत्त्वाची.

मॅडम, फर्स्ट लेटर माय डॉटर रोट. आय सेड यस. दॅट वॉज नॉट ट्रू. धिस लेटर आय रोट.

यू आस्क व्हाय डिड यू लीव्ह. आय अंडरस्टँड नेक्स्ट डे. आय डिड नॉट लीव्ह. गेट क्लोज्ड. आय मेड लास्ट पेपर ऑफ ऑल मेन, देन माय पेपर.

(हे लिहिताना थांबलो. शेवटच्या दिवशी ऑफिसात मी एकटा होतो. माझ्या हिशेबाच्या कागदावर 'तयार करणारा' आणि 'घेणारा', दोन्ही सह्या माझ्याच.)

इफ मॅन डज नॉट कम, आय डू नॉट राइट ॲबस्काँडिंग. फर्स्ट आय सेंड वन मॅन टू हिज हाउस.

माय इंग्लिश इज स्मॉल.

मृ.ला फक्त वाचायला दिलं. तिने पेन्सिल घेतली, मी काढून घेतली. "बाबा, कमसे कम स्मॉल तर बदला. स्मॉल नाही म्हणत, पुअर म्हणतात."

"पुअर काहून? गरीब नाही ते. लहान आहे. वाढेल."

तिने परत एकदा वाचलं. मग म्हणाली, "रहने दो. भेजो." आत निघून गेली. मी 'सेंड'वर बोट ठेवलं. गेली.

१३ फेब्रु., मंगळवार

काही नाही. दिवसातून दहादा मोबाइल उघडतो. सौ. प्रत्येक वेळी बघते.

जप मात्र सलग होतो आहे. याचा त्याच्याशी संबंध लावायचा मोह होतो, लावत नाही.

१६ फेब्रु., शुक्रवार. नर्मदा जयंती

घाटावर भंडारा, बाजा, पाय ठेवायला जागा नाही. आज खरंच काही मागितलं नाही. ओंजळभर पाणी सोडलं आणि आलो.

जिन्यातच मोबाइल वाजला. मॅडमची मेल. तीन ओळी. दोन समजल्या. माझ्या मेलबद्दल धन्यवाद, आणि ती त्यांनी साहेबांना दाखवली आहे. तिसरी : वी विल रिव्हर्ट.

जिन्यातच बसलो. रिव्हर्ट मला माहीत आहे. आमच्याकडे दोन सुपरवायझरांना रिव्हर्ट केलं होतं, त्यांचा आदेश मीच फाइलला लावला. रिव्हर्ट म्हणजे खालच्या पदावर परत पाठवणं. पण मी तर कोणत्याच पदावर नाही. इथून खाली मला कुठे पाठवतील? तरी मनात आलं, क्लार्क म्हणून घेत असतील. हजेरीवर बसवतील. घेईन म्हटलं. मग वाटलं, का घेईन? मग वाटलं, घेईन.

एवढं सगळं ठरवून वर गेलो आणि सौ.ला सांगितलं. ती म्हणाली, "खालचं तर खालचं. रोज घरून डबा घेऊन निघाल तर खरं."

मृ.ने मोबाइल हातात घेतला, वाचलं आणि या वेळी हसू दाबलं नाही. "बाबा! रिव्हर्ट म्हणजे जवाब देंगे. उत्तर देऊ."

"कधी?"

"ते नाही लिहिलं."

शब्दकोश काढून रिव्हर्टपुढे पेन्सिलीने तिचा अर्थ लिहिला. लीव्हपुढे मागेच लिहिला आहे.

सौ.ने डबा घासून खिडकीत उन्हाला ठेवला आहे. मी तिला सांगितलं नव्हतं.