वेफर्सचा डबा आणि बाईसाहेबांचं दुखणं

आदरणीय दादा,

बायकोचे थोरले बंधू म्हणून तुम्ही आदरणीय होतातच, आता दुपटीने आहात. तुम्हाला वाकून नमस्कार. हा नुसता कागदावरचा नमस्कार नाही; लिहायला बसण्याआधी तुमच्या गावाच्या दिशेला तोंड करून खरोखर वाकलो होतो (दिशा चुकली असल्यास पोस्टमन सांभाळून घेईल). मोतीबिंदूचा डोळा आता कसा आहे? थेंब वेळेवर घालता ना? डॉक्टरांनी जड उचलू नका, वाकू नका, धावू नका असं बजावलेलं असताना तुम्ही आमच्यापायी एकाच सकाळी तिन्ही पथ्यं मोडलीत, म्हणून जरा जास्तच चौकशी करतोय. इकडे सर्व ठीक. सर्व म्हणजे बाईसाहेब ठीक आहेत. बाकीचे आहेत तसेच आहेत.

बाईसाहेब वाचल्या, दादा. काल डॉक्टरबाईंनी पुन्हा रक्त तपासलं आणि आता काळजी नाही म्हणाल्या. पांढऱ्याफटक पडलेल्या हिरड्यांवर गुलाबी रंग आलाय. आज तर त्यांनी पडद्याला लोंबकळून तो दांडीसकट खाली आणला, आणि आयुष्यात पहिल्यांदा पडदा फाटल्याचा मला आनंद झाला. हे सगळं तुमच्यामुळे. तुम्ही नसतात तर आज ती मांजर नसती आणि मी कुठल्या तोंडाने घरात वावरलो असतो देव जाणे.

झालं ते तुम्ही पाहिलंत, पण एका डोळ्याने. माझ्या बाजूने काय चाललं होतं ते सांगितल्याशिवाय माझं अन्न पचायचं नाही. तुम्ही राहायला आलात त्याच सुमारास बाईसाहेब मलूल व्हायला लागल्या. खाणं कमी, उडी मारायचा कंटाळा, दिवसभर झोप. आता मी पडलो वेफर्सच्या कारखान्यातला माणूस. माणसांचं अरबट-चरबट मांजरीला चालत नाही हे मी शेजारपाजारी इतक्यांदा सांगितलंय की लोक मला पाहून रस्ता बदलतात (म्हणजे, त्याच कारणाने बदलतात असं मला परवापर्यंत वाटत होतं). चॉकलेट नको, मनुका नकोत, खारट नको, आणि कांदा-लसणाचं तर नावच नको. घरात कारखान्याच्या तुटक्या साध्या वेफर्सचा डबा असतो, पण त्यातला कणही बाईसाहेबांना द्यायचा नाही, हा माझा कायदा. आणि तुम्ही संध्याकाळी टीव्हीसमोर बसायचात, एका मांडीवर डबा आणि दुसऱ्या मांडीवर बाईसाहेब! मग माझ्यातला पोलीस जागा व्हायला कितीसा वेळ?

मी डब्याच्या झाकणावर हळूच पीठ भुरभुरून ठेवलं. संध्याकाळी ते तुमच्या मिशीला लागलेलं सापडलं. तुम्ही सरळ म्हणालात, हो, मीच खाल्ले, छान असतात. गुन्हेगार इतक्या चटकन कबूल झाला म्हणजे त्याने याहून मोठं काहीतरी लपवलंय, असा मी निष्कर्ष काढला. मग जे बोललो ते इथे पुन्हा लिहीत नाही. माझ्या मांजरीला विष घालणारा पाहुणा मला नको, एवढं एकच वाक्य लिहितो, कारण तेच मला जेवताना घशात अडकतं. तुम्ही उठलात. आत जाऊन कपड्यांच्या घड्या घालायला लागलात.

दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही पिशवी घेऊन दारात, मी कारखान्याचे कपडे घालून दारात, तुमची बहीण आपल्या दोघांच्या मध्ये डोळे पुसत, आणि बाईसाहेब पाण्याच्या वाटीपाशी जाता जाता एका अंगावर कलंडल्या. तुम्ही पिशवी खाली ठेवलीत आणि त्यांना उचललंत. टॅक्सी थांबेना, तर ऑपरेशन झालेल्या डोळ्यानिशी दवाखान्यापर्यंत धावत गेलात. मी मागून तुमची पिशवी घेऊन धावलो. ती कशाला घेतली होती, विचारू नका. हातात काहीतरी हवं होतं.

टेबलावर बाईसाहेब ओल्या फडक्यासारख्या पडलेल्या. डॉक्टरबाई सुई शोधतायत, मी तिचं डोकं धरून उभा, आणि त्या मेल्या मांजरीने तेवढ्यातही मान लांब करून माझ्या बाहीची कड चाटायला घेतली. मला भरून आलं. डॉक्टरबाईंना अभिमानाने सांगितलं की रोज कामावरून आलो की दारातच असं करते, मनगटं, बाह्या, कॉलर, काही सोडत नाही. प्रेम हो, दुसरं काय! बाईंनी हात थांबवला. माझी बाही नाकाशी नेली, सटकन शिंकल्या आणि विचारलं, तुम्ही काम काय करता?

मी काय करतो, दादा? फिरत्या पिंपात तळलेले वेफर्स पडतात, त्यावर मी मसाला सोडतो. कांद्याची पूड, लसणाची पूड, मीठ. गेली कित्येक वर्षं तोच मसाला माझ्या अंगावर बसतोय आणि मला त्याचा वास येईनासा झालाय. बसमध्ये माझ्या शेजारची जागा रिकामी का राहते याचा उलगडा मला जनावरांच्या दवाखान्यात झाला. बाई म्हणाल्या, साध्या वेफरचा एखादा तुकडा चुकून गेला तर आभाळ कोसळत नाही, पण कांदा-लसणाने मांजरीच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात, आणि इथे तर रोज थोडं थोडं पोटात जात होतं. डबा तुमच्या मांडीवर होता, विष माझ्या बाहीवर. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. फक्त इथे फाशी देणाराच चोर होता.

त्या वेळी तुम्ही मला एक टोमणा मारायला हवा होतात. हक्क होता तुमचा. मी मान खाली घालून वाटच बघत होतो. तुम्ही एवढंच म्हणालात, "आधी हिला बरी करू, मग बघू." आणि ती धोक्याबाहेर येईपर्यंत राहिलात, तिच्या तोंडात औषध घातलंत, तिचे ओरखडे खाल्लेत, आणि मी कामावर असताना गुपचूप गाडीत बसून निघून गेलात. माफी मागायला माणूसच ठेवला नाहीत. म्हणून हे पत्र. चुकलो, दादा. आणि तुमचे उपकार मी विसरणार नाही.

तुमचा,
बहिणीचा नवरा (तूर्तास नावापुरता, ती माझ्याशी बोलत नाही, जेवण वाढल्याचं बाईसाहेबांना सांगते आणि मी ते ऐकायचं असतं)

ता. क. एक विनंती आहे, लिहू की नको असं झालंय. आता मी कारखान्यातच साबणाने घासून अंघोळ करतो आणि कपडे बदलून घरी येतो. बाईसाहेब दारात येतात, हुंगतात आणि परत जातात. तुमच्या कॉटवर जाऊन बसतात. म्हणजे इतकी वर्षं ते प्रेम मसाल्याचं होतं. असू दे, जगली हे काय थोडं झालं? पण दादा, तुमचा एखादा वापरलेला, न धुतलेला सदरा असेल तर पार्सलने पाठवा. मी तो घालून संध्याकाळी टीव्हीसमोर बसत जाईन.

आणखी ता. क. दादा, मी लिहितेय. पाकीट डकवायला माझ्याकडे दिलंय म्हणून वाचलं. सदरा पाठवू नकोस, तूच ये. आणि ऐक, सुट्टीच्या दुपारी हे तोंडावर पेपर घेऊन घोरत असतात ना, तेव्हा ती मांजर यांच्या पोटावर चढून झोपते. जाग येण्याआधी उतरते. मी अजून सांगितलेलं नाही. तू ये, मग तुझ्यासमोर सांगेन.