एका खिडकीतून पूल आणि घड्याळ

सर, प्रागच्या त्या जुन्या घड्याळासमोर उभं राहिलं की नदीवरचा पूल दिसत नाही. मधात गल्ल्या आहेत, वळणं आहेत, उंच घरं आहेत, आणि घड्याळाचं तोंडही पुलाकडे नाही. थोडं चालत जावं तेव्हा कुठे पूल लागतो. हे मला या जानेवारीत तिथे उभं राहून कळलं, आणि कळलं तेव्हा तुमचा इतका राग आला, की तुम्ही असते तर तिथूनच नागपूरला फोन लावून भांडलो असतो. माझा राग तुम्हाला माहीतच आहे.

डिसेंबरच्या सुट्ट्यांआधीचा तुमचा शेवटचा तास. इतिहासाचं पुस्तक मिटून तुम्ही टेबलाच्या कडेवर बसता, गळ्यात मफलर, आणि विचारता, "काहून बे पोट्टेहो, बर्फ पाहिला का कधी?" मग चार दिवसांचं प्राग सुरू होतं. दुसऱ्या वर्गांतली पोरंही त्या तासाला येऊन मागे भिंतीला टेकून उभी राहायची. पुलावरचे काळे पडलेले दगडी संत, त्यांच्या खांद्यांवरचा बर्फ, किल्ल्याच्या पायऱ्यांखालची बेकरी, तिथली पिठाच्या हातांची म्हातारी, जिनं गरम पाव देऊन पैसे घेतले नाहीत. आणि शेवटी तुमच्या खोलीची खिडकी. डावीकडे पूल, उजवीकडे घड्याळ, दोन्ही पलंगावर पडल्या पडल्या दिसणारं. हे 'पडल्या पडल्या' तुम्ही दरवर्षी न चुकता म्हणायचे. वर्गातली जी मुलगी मला आवडायची, ती माझ्या पुढच्या बाकावर बसायची. त्या वर्षी खिडकीपाशी गोष्ट आली तेव्हा तिनं मागे वळून हळूच म्हटलं, "जायचं का मग आपण?" ती कदाचित गंमतीत म्हणाली असेल. मी त्या एका वाक्यावर अजून जगतो आहे.

पुढचं तुम्हाला माहीत आहे. तिच्याबद्दल एक पोरगा काहीतरी बोलला आणि मी व्हरांड्यात त्याचं नाक फोडलं. तुम्ही मला गेटबाहेरच्या टपरीवर नेलं, चहा सांगितला. म्हणाले, "त्याची माफी माग. मी बोलतो प्राचार्यांशी, परीक्षेले तर बसू देतील."

"मी नाही मागत."

"अन् तिले विचारलं का तू? तिले पाहिजे होतं का हे?"

तिनं त्या दिवसापासून माझ्याशी बोलणं टाकलं होतं. तुमचा प्रश्न नेमका तिथेच लागला. मी म्हटलं, "सर, तुम्ही दुनिया फिरून आले. तुम्हाला आमच्यासारख्यांचं काय समजते?" तुम्ही ग्लास फळीवर ठेवला, काहीतरी बोलायला तोंड उघडलं, आणि मग नुसतं म्हणाले, "हो, तेही आहे." मी चहा अर्धा टाकून निघालो तो कॉलेजात परत आलोच नाही. तुम्ही गेल्यावर शोकसभेत आलो, पण दाराशीच उभा राहिलो. तुमच्या पत्नीच्या, काकूंच्या, समोर गेलो नाही.

आता मी धरमपेठेत एका टूरच्या ऑफिसात काउंटरवर बसतो. हिवाळ्यात प्राग स्वस्त पडतं, म्हणून ते आम्हाला विकावं लागतं, आणि मी ते तुमच्याच शब्दांत विकतो. बर्फ, बेकरी, म्हातारी, खिडकी. माणसं ऐकता ऐकता बुकिंग करतात. या वर्षी मालकानं ग्रुपबरोबर मलाच पाठवलं. कळमन्यात धान्याचा धंदा असलेले एक काका होते, सोबत त्यांची बायको. ते माझी गोष्ट ऐकूनच आलेले. आणि तिथे बर्फ नव्हता, सर. चारही दिवस बारीक चिरचिर पाऊस.

"का गा," काका पहिल्याच दिवशी म्हणाले, "काउंटरवर तर घोट्यापर्यंत बर्फ होता तुझा?"

किल्ल्याच्या पायऱ्यांखाली बेकरीचा पत्ता नव्हता. फ्रिजवर चिकटवायच्या चुंबकांचं दुकान होतं. काका बायकोला म्हणाले, "घे वं, गरम पाव घे एखादा." ती म्हणाली, "राहू द्या न जी, पोट्टा आहे तो." "पोट्टा काहीचा, एजंट आहे. अन् ती पडल्या पडल्या दिसणारी खिडकी? ती तरी दाखव." सगळे हसले. मी छत्री न घेता त्या गल्ल्यांतून पुलापासून घड्याळापर्यंत आणि घड्याळापासून पुलापर्यंत फिरलो, वर बघत. एकाही खिडकीतून ते दोन्ही दिसणं शक्य नाही. तिथे एकदा जाऊन आलेला माणूस असं म्हणणार नाही.

मी तिथेच, घड्याळाखाली, ओल्या हातांनी आपल्या बॅचच्या ग्रुपवर लिहिलं, "सर प्रागला कधी गेलेच नव्हते. हे घ्या." खाली दोन फोटो. लगेच हसणं सुरू झालं. एकानं लिहिलं, "म्हणजे आपल्याले येडं बनवलं बे सरनं." दुसरा म्हणाला, "पीएचडी पण तिथलीच असेल." आणि तिनंही, इतकी वर्षं माझ्या एका अक्षराला उत्तर न देणाऱ्या तिनं, माझ्या ओळीवर हसणारा चेहरा टाकला. सर, तो संपूर्ण तास मी आनंदात होतो. काकांना स्वतःच्या पैशांनी कॉफी पाजली.

संध्याकाळी एका नंबरवरून मेसेज आला. तो नंबर ग्रुपवर कधी बोललाच नव्हता. "फोटो छान आहेत. थंडी फार असेल. कान बांधत जा." काकू. हा ग्रुप तुमच्या शोकसभेसाठीच निघाला होता, तेव्हा कोणीतरी त्यांनाही घेतलं होतं, आणि आम्ही सगळे विसरून गेलो होतो. त्यानंतर ग्रुपवर कोणी काही लिहिलं नाही.

परत आल्यावर दोन रविवार टाळले. तिसऱ्या रविवारी गेलो. काकू स्वयंपाकघरात खाली बसून तुरीच्या शेंगा सोलत होत्या. मला समोर बसवलं, शेंगांचा ढीग माझ्याकडेही सरकवला. मला वाटत होतं, रागावतील, मग मला माफी मागता येईल. त्या रागावल्याच नाहीत.

"नव्हतेच गेले ते," त्या म्हणाल्या. "बोलावणं आलं होतं परिषदेचं. पासपोर्ट निघाला, कोट शिवून झाला, अन् मी दवाखान्यात पडली. पोटातलं गेलं माझं. उठायची मनाई होती. अन् नेमके तेच चार दिवस. रोज येऊन स्टुलावर बसत, अन् सांगत, आज पुलावर गेलो होतो, आज किल्ल्यावर. जसे काही आत्ताच तिथून येऊन राहिले. मी म्हटलं, मले तर उठताच येत नाही, मले पडल्या पडल्या दिसलं पाहिजे सगळं. तर म्हणे, बरं, मग तशीच खोली घेऊ."

मी शेंग हातात घेऊन बसलो होतो.

"पोट्ट्यांना काहून सांगत, ते मले नाही माहीत. डिसेंबर आला का त्यायले राहवत नसे." मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं, अगदी सहज, भाजीचा भाव विचारावा तसं. "तू तर पाहून आला. दिसते का मग दोन्ही?"

खोटं बोलावंसं फार वाटलं. काउंटरवर मी रोज बोलतो. पण त्यांच्या समोर जमलं नाही. म्हटलं, "नाही काकू. मधात गल्ल्या आहेत."

त्यांनी टरफलं कागदावर एका बाजूला केली. "मग आमचीच खोली चांगली होती म्हणायची," म्हणाल्या, आणि हसल्या. निघताना सोललेले दाणे डब्यात भरून दिले. माफीचा शब्द माझ्या तोंडातून शेवटपर्यंत निघाला नाही. गाडीवर बसलो तेव्हा टपरीवर मी 'दुनिया फिरून आले' म्हटल्यावर उघडलेलं तुमचं तोंड आठवलं. तुम्ही मला तेव्हा काय सांगणार होते, ते आता मला कळतं असं वाटतं. मी ऐकायला थांबलो असतो तर तुम्ही सांगितलंही असतं.

हे लिहून काकूंना नेऊन द्यायचं, तुमच्या फोटोमागे ठेवा म्हणायचं, असं ठरवून बसलो होतो. आता देता येणार नाही. कारण त्या संध्याकाळी काकूंचा मेसेज वाचल्यावर मी माझी ती ओळ पुसायला उघडली होती. सगळ्यांच्या फोनवरून पुसता आली असती, तेवढा वेळ हातात होता. पण ओळीच्या खाली तिचा हसणारा चेहरा चिकटलेला होता. ओळ गेली की तोही जाणार. मी म्हटलं, उद्या पुसू. उद्याचं नागपूरला पोचल्यावर झालं, मग परवा, आणि मग ती मुदत निघून गेली. आता ती ओळ काकूंच्या फोनमध्ये तशीच आहे. माझ्याही आहे, आणि मी ती अजून उघडून पाहतो, सर. तुमच्यासाठी नाही.