चार नंबरची पाटी

३ तारीख, सोमवार

आलो बाई एकदाचे. मी आणि माझी पोरगी. बसमध्ये पाय अवघडले, पण हॉटेल बघून बरं वाटलं. तीन मजली, लांबलचक गॅलऱ्या, जिन्याला लाकडी कठडा. सीझन संपलाय म्हणून गिऱ्हाईक एकही नाही, तेव्हाच तर या सिनेमावाल्यांना मिळालं. एरवी कोण उभं करतंय यांना! सगळी मिळून माणसं सात. कॅमेरावालाच गाडी चालवतो. हिरो स्वतःची बॅग स्वतः उचलतो आणि चहाही गाळतो.

डायरेक्टर म्हणजे तिशीतला एक टोपीवाला. टोपी जेवतानाही काढत नाही. त्यानं ही वही माझ्या हातात दिली आणि म्हणाला, मावशी, रोज लिहायचं. कुणाच्या अंगावर काय होतं, डाग कुठं, केस कसे, उशी कुठल्या बाजूला. आज अर्धं काम केलं आणि उद्या उरलेलं, तर दोन्ही दिवस सारखे दिसले पाहिजेत. मी म्हटलं, मी चौथीतनं शाळा सोडली. तर म्हणाला, डोळे आहेत ना? मग झालं. वही दोनशे पानी आहे. त्याचं काम दहा पानांत उरकेल, बाकीच्यात मी माझं लिहीन.

माझ्याकडे कपडे धुणं, इस्त्री, खोली लावणं. पोरगी मात्र खरोखर सिनेमात आहे. एक माणूस बायकोला शोधत हॉटेलात येतो, एकेक खोली उघडत जातो, आणि सगळ्यात शेवटी उघडलेल्या खोलीत बायको मेलेली सापडते, अशी गोष्ट. ती मेलेली बायको म्हणजे माझी पोरगी. बावीस वर्षं वाढवली आणि पहिलं काम मिळालं ते मढ्याचं! बोलायचं अक्षर नाही. पण ही इतकी खूश की बसमध्ये शेजारणीलासुद्धा सांगून झालं. मला म्हणाली, आई, सुरुवात कुठून तरी होतेच की. म्हटलं, लोकांचा शेवट असा होतो गं बाई.

४ तारीख, मंगळवार

यांची गंमत आज कळली. सिनेमात खोल्या नऊ आहेत, पण धड खोली एकच. दुसऱ्या मजल्यावरची, जिन्यापासून चौथं दार. बाकीच्या भिंतींना ओल आलीय. मग काय करायचं, तर त्याच खोलीचं दार दर वेळी नवं करायचं. नंबराची पाटी बदलायची, चादर बदलायची, भिंतीवरचं चित्र बदलायचं. झाली दुसरी खोली. पाटीला दोन स्क्रू. ते काम माझ्याकडे आलं. स्क्रूड्रायव्हर दोरीनं गळ्यात अडकवलाय, पोरगी म्हणते डॉक्टरीणबाई दिसतेस.

रात्रही तशीच. रात्रपाळी यांना झेपत नाही म्हणून खिडक्यांना काळं कापड ठोकायचं आणि सकाळी दहा वाजता मध्यरात्र करायची.

पोरीनं आज खूप बोलणी खाल्ली. मेलेली असून नखं खाते! मी वहीत लिहिलं, उजव्या करंगळीचं नेलपॉलिश अर्धं उडालंय. जेवून आली तर उरलेलं अर्धंही गायब. डायरेक्टर म्हणाला, मावशी, तुमचं मढं फार चुळबूळ करतं. लहानपणापासून असंच आहे. शाळेत बाई हातावर पट्टी मारायच्या, ही पट्टी चुकवून नखं खायची.

५ तारीख, बुधवार

सकाळी इस्त्री बाजूला ठेवत होते, हिचा हात मध्ये आला. डाव्या मनगटाला चटका बसला, रुपयाएवढा पाण्याचा फोड आलाय. मला रडू फुटलं, ती हसत होती. डायरेक्टर म्हणाला, राहू दे, कॅमेऱ्यात छान दिसेल. याला कधी इस्त्रीजवळ उभं करावं.

उद्या मेलेली बायको सापडायची आहे, खोली नंबर चारमध्ये. या हॉटेलात चार नंबरच नाही. तीन झाली की एकदम पाच. म्हणून कॅमेरावाल्यानं फळीच्या तुकड्यावर चार रंगवला. ते पाहून मॅनेजर खवळला. मॅनेजर म्हातारा आहे, किल्ल्यांचा जुडगा कमरेला लावूनच हिंडतो. म्हणाला, दुसरा कुठलाही आकडा लावा. डायरेक्टर म्हणाला, पोस्टरवर चार छापून झालाय आजोबा. म्हातारा पुटपुटत गेला. नंतर मला जिन्यावर गाठलं आणि म्हणाला, बाई, लावताय तर लावा, पण काढायच्या आधी आत कुणी नाही ना, तेवढं स्वतः बघत जा. मी म्हटलं, चाळीस वर्षं घर सांभाळतेय, दार लावायची अक्कल आहे मला.

६ तारीख, गुरुवार

चार नंबर लागला. पोरगी आज शहाण्यासारखी पडून राहिली. डावा हात पोटाखाली, उजवा तळवा उघडा, केस उशीच्या डाव्या कडेला, बांगडी एक फुटलेली, उजव्या अंगठ्याच्या नेलपॉलिशचा टवका उडालेला, मनगटावरचा फोड टच्च. सगळं लिहून घेतलं.

जेवायची हाक आली तशी सगळे खाली पळाले. दुपारनंतर त्याच दारावर सात लावायचा होता. म्हटलं भुकेच्या आधी काम उरकावं, जेवून परत कोण वर येतंय. चार काढला, सात ठोकला, खाली गेले. पानावर बसले तर पोरगी कुठं? वर जायला उठले तोच जिन्यावरून येताना दिसली. मी सगळ्यांदेखत झापलं, म्हटलं वर काय करत होतीस, खोली रिकामी आहे समजून मी पाटी बदलून आले. ती म्हणाली, डोळा लागला होता. मुकाट्यानं जेवली. कांदासुद्धा खाल्ला. जन्मात कधी कांद्याला शिवली नव्हती. म्हटलं भूक लागली असेल.

८ तारीख, शनिवार

आज डायरेक्टरनं माझं सगळ्यांसमोर कौतुक केलं. परवाचं उरलेलं काम काढलं होतं, त्यासाठी परत चार लावला, संपल्यावर काढला. मी वही उघडून एकेक बघत गेले. तळवा, केस, नेलपॉलिशचा टवका, सगळं जिथल्या तिथं. मला काही करावंच लागलं नाही. तो म्हणाला, मावशी, मोठमोठ्या सिनेमांतही असं जमत नाही. मी पोरीला म्हटलं, बघ, शेवटी वळण लागलं तुला.

दोन दिवस नखं खाल्लेली नाहीत. चांगलंच आहे की.

९ तारीख, रविवार

चांगलं नाही.

आज तिचं मनगट हातात घेतलं. फोड तसाच आहे. बुधवारचा फोड, आज रविवार. एवढ्या दिवसांत सुकतो, फुटतो, खपली धरते. हा गुरुवारी लिहिला तसाच टच्च. नेलपॉलिशचा टवकाही तेवढाच, ना वाढला ना घटला. वेणी मी घालत नाही, ती घालत नाही, पण एक केस जागचा हलत नाही. वहीतल्या पानासारखी झालीय पोरगी.

दुपारी आमच्या खोलीत झोपली होती. डावा हात पोटाखाली, उजवा तळवा उघडा. मी हात काढून सरळ केला. पाणी पिऊन आले तर परत तसाच.

विचारलं, लहानपणी शाळेत बाई तुला कशापायी मारायच्या? म्हणाली, आई, तूच सांग.

१० तारीख

मॅनेजरला गाठलं. आधी टाळत होता. मी किल्ल्यांचा जुडगाच धरला, म्हटलं सांगितल्याशिवाय सोडत नाही.

त्यानं सांगितलं ते लिहिते. वीस वर्षांपूर्वी त्या दारावर चार नंबरच होता. रंगाऱ्यानं रंग द्यायला पाटी काढली, तेव्हा आत एक बाई झोपलेली. संध्याकाळी बाई खाली आली, किल्ली दिली, नवऱ्याबरोबर गेली. आठ दिवसांनी नवरा एकटाच परत आला. म्हणाला, माझी बायको द्या. मॅनेजर म्हणाला, नेलीत की तुम्ही. तो म्हणाला, ती नाही.

मी विचारलं, मग पाटी परत का नाही लावली मेल्यांनो? म्हणाला, मालकानं तोवर जाळली होती, आणि नवी करायची हिंमत कुणाला झाली नाही. नंबर लागला की ती खोली लागते, बाई. काढला की जो आत तो आत.

म्हणजे मी. माझ्या हातानं. दोन स्क्रू, एका जेवणासाठी.

म्हटलं, शनिवारी पाटी परत लावली होती, मग माझी पोरगी का नाही दिसली? म्हणाला, एका खाटेवर एकच दिसते. तुम्ही हिला तिच्यावर निजवलीत.

११ तारीख

डायरेक्टरला सांगून पाहिलं. हसला नाही, तेवढी माणुसकी दाखवली. मला गोळी दिली आणि म्हणाला, झोपा. उद्या शेवटचा दिवस. लाइटं उतरवून संध्याकाळपर्यंत निघायचं. कॅमेरावाला चारवर पांढरा रंग मारायला बसला होता, दुसऱ्या सिनेमाला फळी लागेल म्हणे. मी हिसकावून घेतली. गादीखाली ठेवलीय.

दारावर आता नऊ आहे. आत गेले. रिकामी खाट. भिंतीला कान लावला. काहीच नाही. मग खाटेच्या उशाशी —

कट. कट. कट.

नखं खाण्याचा आवाज. माझ्या पोरीचा. कुठंही ओळखीन.

जिवंत आहे.

१२ तारीख, सकाळ

ही रात्रभर माझ्याकडे तोंड करून पडली होती. डोळे उघडे. पहाटे एवढंच म्हणाली की आई, मला नको पाठवूस.

तिलाही आईच वाटते मी. देवा, हे काय —

नाही. माझी ती माझी.

१२ तारीख, दुपार

सगळे खाली गाडी भरताहेत. नऊ काढला. चार लावला. दोन्ही स्क्रू घट्ट. हिला म्हटलं, चल. माझं बोट धरून आली. काही विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं.

आत

काळं कापड मी स्वतः कालच काढलंय. खिडकी उघडी आहे. तरी आत रात्र.

पोरगी खाटेवर होती. बोटं रक्ताळलेली, नखं उरलीच नाहीत. मला बघून विचारलं, कट झालं का गं? सहा दिवस पडून आहे लेकरू. म्हटलं झालं, ऊठ. मिठी मारायला वेळ नव्हता. हात धरून उठवली. ती उठली तशी ही न सांगता तिच्या जागी निजली. हात पोटाखाली. तळवा उघडा.

पोरीला दाराबाहेर काढलं. स्क्रूड्रायव्हर तिच्या हातात दिला. बजावलं, मी बाहेर आले की मगच पाटी काढायची. मी मागोमाग —

हिनं बोट धरलंय.

जोर नाही. तरी सुटत नाही. ओढलं, चावले, सुटत नाही. दार आपोआप लागलं. मी ओरडतेय पण माझा आवाज मलाच ऐकू येत नाही. बाहेरचं सगळं येतंय. म्हणून कमरेची वही काढून दुसऱ्या हातानं लिहितेय, पान दाराखालून सरकवीन, दोन हातांवर तर आहे —

पोरी, थांब. पाटीला हात लावू नकोस. मी अजून आत आहे.

ती हाका मारतेय. आई, आटप ना, मला भीती वाटते.

कुणीतरी ओ दिली.

बाहेरून. गॅलरीतून. माझ्या आवाजात. म्हणाली, आले की गं बाई, ओरडतेस कशाला, काढ ती पाटी आणि चल, घरी जायचंय.

पोरगी रडता रडता हसली. बाई गं, किती दिवसांनी ऐकलं हसू —

पोरी, ती मी नाही. तिला विचार, शाळेत बाई तुला कशापायी — विचार तिला, तिला येणार नाही — विचार —

पहिला स्क्रू पडला. लादीवर वाजला.

पोरी, मी इथं आहे, मी इ