मावशीच्या सोफ्याचा मूळ रंग

३ मार्च १९८६, लडलो, इंग्लंड.
बायकोच्या, म्हणजे विनिफ्रेडच्या, मावशीचा सोफा अखेर आपल्या बैठकीत आला. इंग्लिश, १७८५च्या आसपासचा. सरळ बारीक पाय, फ्रेंचांकडून उचललेला घाट, पाठीवर रंगवलेली फुलं, बाकी सगळा सोनेरी. म्युझियमच्या मिस ऑर्मरॉड पंचवीसला बघायला येणार. पसंत पडला तर मोठ्या दालनात मांडतील. मावशीची शेवटची इच्छा तीच, त्यामुळे विनिफ्रेडचा सगळा जीव त्यात. म्हणाली, ऑब्री, हात लावू नकोस. मी कशाला लावतोय?

७ मार्च.
हात नाही, फक्त भिंग लावलं. सोनं झिजलंय तिथे खालून लाल डोकावतं. म्हणजे सोफा मूळचा लाल! सोनं नंतर कुणा अडाणी पैसेवाल्याने चढवलेलं.

८ मार्च.
लायब्ररीत दोन तास. त्या काळी इटलीत राखेखाली गाडलेली गावं खणत होते. भिंती लाल निघाल्या आणि इकडचे लॉर्ड वेडे झाले. म्हणजे आपलं डिझाइन थेट रोमन. फ्रेंचांना मध्ये फुकटचं श्रेय कशाला? विनिफ्रेडला समजावलं. म्हणाली, डोकं तपासून घे, आणि चहाबरोबरचे स्कोन गार होतायत.

१४ मार्च.
निश्चय: मागच्या पायाचा फक्त एक इंच. केमिकल नाही. कोमट पाणी, स्पंज. सोनं लगेच सुटलं. इतकं कच्चं काम अस्सल असणं शक्य नाही.

१५ मार्च.
एक पाय लाल, तीन सोनेरी. बरं दिसेना.

१६ मार्च.
चारही लाल.

१८ मार्च.
विनिफ्रेड बहिणीकडे. उरलेला सोफा उरकला. चार बादल्या. फुलं जरा पुसली गेली. तीही नंतरचीच असणार.

२१ मार्च.
विनिफ्रेड परतली. कोट न काढता दारातच उभी. आनंदाने होतं असं.

२५ मार्च, दुपारी ४.
मिस ऑर्मरॉडना रोमबद्दल बारा मिनिटं सांगितलं. त्यांनी एवढंच विचारलं, पाणी वापरलंत का? मग म्हणाल्या, असं काम करताना आधी लाल मातीचा थर देतात, तो ओला करून त्यावर सोन्याचा वर्ख बसवतात. म्हणून तो पाण्याने निघतो. सोनं मूळचंच होतं, दोनशे वर्षांचं. आता उरलीय ती माती. विनिफ्रेड स्वयंपाकघरात जाऊन रडली. मला स्वतःची लाज वाटली. चहा कुणीच घेतला नाही.

२९ मार्च.
म्युझियमचं पत्र. सोफा घेताहेत. दालनात नाही, शिकाऊ कारागिरांच्या वर्गात, काय करू नये ते दाखवायला. पाटीवर मावशीचं नाव नको, 'ऑब्री क्लेबर्न यांनी धुतला' एवढंच लिहा, असं विनिफ्रेडने परस्पर कळवलंय.