घंगाळातलं पाणी

चिंचवड, रविवार संध्याकाळ, १९५५

डोकं फिरलंय नुसतं! चुलीवर जवाचा भरडा कधी उकळायचा, कधी गार पडायचा. घरची बिअर दर वेळी बेचव. म्हणून भरड्याची ऊब एकसारखी राहावी यासाठी मुद्दाम मोठं घंगाळ आणलं. आज त्यात बेताचं गरम पाणी भरून भरड्याचा डबा बसवला, वर घोंगडी. ही देवळात, मी जरा वाण्याकडे गेलो, तेवढ्यात देहूहून सासरे आले. घंगाळ दिसलं की माणसाला अंघोळच सुचणार का? परततो तर डबा गार फरशीवर, घंगाळ रिकामं, आणि हे अंग पुसतायत. ओरडू तरी कसा? दारूबंदी, त्यात हे माळकरी! वर मलाच म्हणतात, "जावईबापू, पाणी अगदी हवं तेवढंच गरम होतं हो. रोज असंच काढून ठेवत जा. आठवडाभर आहे मी."