तातांचा मेळ आणि माझं टायपिंग

३ मार्च, ईलिंग, लंडन
तातांच्या, म्हणजे माझ्या नवऱ्याच्या, मिलानच्या वडिलांच्या, पुस्तकाचं तिसरं प्रकरण टायपिंगला घेतलं. ते सर्बियनमध्ये लिहितात, मोडक्या इंग्रजीत सांगतात, मी नीट करून टाइप करते. रोज, ऑफिसनंतर. विषय : ग्रीकांची मेळाची कल्पना बायझँटिअममार्गे सर्बियन विचारात कशी मुरली. राजा, चर्च, गाव, घर... प्रत्येकाने आपापल्या जागी राहायचं, की झाला 'स्क्लाद'. मेळ.
जागा कोण ठरवतं? पानभर शोधलं. नाही सापडलं.

७ मार्च
जेवताना म्हटलं, ऑपरेशननंतर आईला नागपूरहून तीन महिने इथे आणायचंय. मिलान काही बोलायच्या आत ताता : "घराचा स्क्लाद बिघडेल."
मि. सूपात चमचा फिरवत बसला. नवरा म्हणे! नंतर किचनमध्ये, "प्लीज, त्यांचं बावीस तारखेचं लेक्चर होऊ दे आधी."
डोकं फिरलंय.

१२ मार्च
लायब्ररीत ग्रीक शब्दकोश बघितला. 'हार्मोनिया', म्हणजे ग्रीकांचा मेळ. त्याचा जुना अर्थ, फळ्यांचा सांधा. तातांना म्हटलं, "सांधायला दोन फळ्या लागतात. तुमच्या मेळात एकच दिसते."
त्यांनी माझ्यापुढचं पान ओढून पुन्हा वाचलं. मग, "हे घाल."
अख्खं चौथं प्रकरण त्यावर उभं राहतंय. आईचं विसरून खूश झाले मी. मूर्ख.

२२ मार्च, शनि.
सर्बियन मंडळाच्या हॉलमध्ये लेक्चर. सांध्याला टाळ्याच टाळ्या. तातांनी आभार मानले देवाचे, मिलानचे, चहा करणाऱ्या बायकांचे. मी? "माझी सून टायपिंग करते."
परतताना ट्यूब ट्रेनमध्ये मी दूरच्या सीटवर जाऊन बसले. मि. : "एवढं काय त्यात?"
एवढं!!

२३ मार्च
लॅपटॉप तातांच्या टेबलावर आपटला. "उरलेलं मिलान टाइप करेल. आईच्या व्हिसाचा फॉर्म मी आज भरतेय."
"घरात असं बोलत नाहीत."
"मी बोलते."
 

२६ मार्च
तीन दिवस घरात तिघं वेगवेगळे जेवतोय. आज पोळ्या करत होते, तर ताता दारात.
"तुझ्या आईला जिना चढता येईल?"
खाली झोपायची एकच खोली. त्यांची. सॉरी नाही, पुस्तकाबद्दल शब्द नाही. माझा राग तसूभरही उतरलेला नाही.
"नाही," म्हटलं.
ते गेले नाहीत. खोली देताय का, हे मीही विचारलं नाही. तव्यावरची पोळी करपली, तरी दोघं तसेच उभे.