मेणबत्तीखालची पुस्तकं

आम्रपाली,

मी सकाळच्या एसटीने सव गावी काशीमावशीकडे जाते आहे. फोन घरीच ठेवला आहे. दूध तापवलं आहे, आमटी फ्रीजमध्ये आहे.

हॉल छान झाला, खोटं बोलणार नाही. नवा टीपॉय, त्यावर ट्रे, सोफ्याच्या रंगाचा गालिचा. पण मेणबत्तीखाली सुतळीने बांधलेली चार पुस्तकं तुझ्या सासऱ्यांची, आपल्या गुरुजींची आहेत. विचारलं तर म्हणालीस, "आई, कव्हरं मॅच होत नव्हती, म्हणून पानांची बाजू पुढे केली. नाहीतरी कोण वाचतंय?"

पुराचं पाणी घरात शिरलं तेव्हा गुरुजींनी माळ्यावर आधी पुस्तकं चढवली, मग तांदूळ. तरी ही चार भिजली. मी पंधरा दिवस एकेका पानावर इस्त्री फिरवली. गुरुजी गेले त्या आठवड्यातही उशाशी हीच होती.

तुझा दोष नाही, तू तेव्हा या घरात नव्हतीस. सुहास होता. पानं तोच उलटून देत होता. काल तो टीपॉयवर पाय टाकून मॅच बघत होता आणि त्याची टाच पुस्तकांना लागत होती. मी समोर बसले होते.

पुस्तकं मी नेली आहेत. मेणबत्ती बुटकी दिसू नये म्हणून तिच्याखाली सुहासचं डिग्रीचं सर्टिफिकेट ठेवलं आहे, फ्रेमसकट. काच खाली केली आहे, रंगाची अडचण नको. रविवारी तुझे पाहुणे येतील तेव्हा तसंच राहू दे.

नाहीतरी कोण वाचतंय?

आई